डेटिंग साईटची ९ रुपयांची 'फ्री ट्रायल' घ्यावी का? ठाणे-नवी मुंबईत कोणाला खरा अनुभव आहे का?

घोडबंदर_ट्रॅफिक:

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय आणि तेही असल्या विषयावर, त्यामुळे हसायचं तर हसा पण उत्तर द्या.

वय ३१. कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे दिवसाचे तीन तास घोडबंदर रोड खातो आणि उरलेले लॅपटॉप. घरी स्थळं बघणं चालू आहे, दर रविवारी आईच्या व्हॉट्सॲपवर कोणाचा ना कोणाचा बायोडाटा येतोच, पण मला आधी कोणाशी तरी सरळ गप्पा मारायच्यात, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन 'तुमचे छंद काय' नाही विचारायचं.

दोन नावाजलेली ॲप वापरून झाली. फुकट आहेत, पण फुकटात काय, तर 'तुम्हाला ९ जणींनी लाइक केलंय' एवढं सांगतात आणि फोटो धुरकट करून ठेवतात, बघायचे तर पैसे भरा. वैतागून बंद केली. मग गेल्या आठवड्यात रील बघताना एक जाहिरात आली, साईटचं नाव कधी ऐकलं नव्हतं, 'ठाण्यात तुमच्या जवळ २३ सिंगल्स आत्ता ऑनलाइन'. शुक्रवारी रात्री प्रोफाइल बनवलं आणि दात घासून येईपर्यंत ६ मेसेज. मी काही हिरो नाही हो, लावलेला फोटो मावसभावाच्या लग्नातला आहे, डोक्यावर फेटा आणि अर्ध्या तोंडावर फेट्याचा शेमला.

त्यातल्या एकीशी (रिया म्हणू, २७, ठाणे वेस्ट) दोन दिवस मस्त बोलणं झालं. जेवलास का, आज ट्रॅफिक किती होतं, आईचा गुडघा कसाय, सगळं लक्षात ठेवून विचारते. खरं सांगतो, इतकं लक्षात ठेवणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं. सुरुवातीला ६० कॉइन फुकट मिळाले होते, एका मेसेजला ५ कॉइन, ते रविवारी संपले. आता स्क्रीनवर ऑफर आहे, ९ रुपयांत ७ दिवस अनलिमिटेड, यूपीआयने भरा, आणि खाली उलटं घड्याळ चालू, ११ मिनिटं शिल्लक. (हे घड्याळ काल पण ११ मिनिटांवरच होतं.)

तर असली साईट खरी की खोटी हे ओळखायचं कसं? आणि ९ रुपयेच तर आहेत, जाऊन जाऊन काय जाणार? तिच्या बायोमध्ये लिहिलंय 'लव्ह लाँग वॉक्स ॲट ठाणे बीच', मला वाटलं उपवन तलावाला म्हणत असेल.

कोपरी_पूल:

ठाणे बीच!! अरे देवा.

भावा, ठाण्यात तलाव आहेत, खाडी आहे, खड्डे आहेत, बीच तेवढा नाही. कळव्याच्या खाडीला लाँग वॉक आवडणारी मुलगी खरंच असेल तर डोळे झाकून लग्न कर, इतके डास सहन करणारी बायको परत मिळायची नाही.

एक काम कर, स्टेशनबाहेरचा सॅटिस पूल आहे ना, तिला विचार 'सॅटिसच्या वर भेटू की खाली?' ठाणे वेस्टला महिनाभर राहिलेला माणूस पण झोपेत सांगेल, वर टीएमटीच्या बस, खाली रिक्षा. आणि ते '२३ सिंगल्स' जिथे तू असशील तिथलं नाव टाकून येतं रे. मी मागच्या महिन्यात अलिबागला होतो तर तीच जाहिरात, तेच फोटो, 'अलिबागमध्ये २३ सिंगल्स'. सगळ्या जणी माझ्या मागोमाग रो-रोने मांडव्याला उतरल्या वाटतं.

शून्य_बॅलन्स:

हसा तुम्ही, मी या खड्ड्यात स्वतः पडून आलोय. माझ्या वेळी २ रुपये होते, ३ दिवसांसाठी. दादा तू विचारतोयस ना '९ रुपयेच तर आहेत', मी पण तेच म्हणलं होतं, शब्द पण हेच.

होतं काय तर तू ९ रुपये भरायला यूपीआय ॲपमध्ये जातोस, वर मोठ्या अक्षरात ९ दिसतं, आणि खाली बारीक अक्षरात ऑटोपे, रक्कम अमुक 'पर्यंत', दर आठवड्याला, आणि शेवटची तारीख थेट तुझ्या रिटायरमेंटच्या आसपासची. आपण कुठे वाचतो, पिन टाकायची सवयच झालीये हाताला, चहावाल्याला पण तसाच टाकतो. तो पिन म्हणजे ९ रुपयांना नाही तर त्या पुढच्या सगळ्याला दिलेली परवानगी असते. मी तीन दिवसांनी ॲप उडवलं आणि समजलो संपलं. पुढच्या बुधवारी कोपरखैरणे स्टेशनला उभा आहे, ट्रान्स हार्बर नेहमीप्रमाणे लेट, आणि मेसेज आला, १,१९९ कट. ॲप उडवणं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद करणं नाही हे मला त्या प्लॅटफॉर्मवर कळलं. आणि कळून पण मी आळस केला, तीन हप्ते गेले, ३,५९७.

आता जे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ऑक्टोबर २०२१ पासून लागू, की असे आपोआप कटणारे पैसे कापायच्या २४ तास आधी तुला कळवलं पाहिजे आणि नको म्हणायची सोय पाहिजे. मला तो मेसेज आला होता पण आला तो लोन आणि क्रिकेटच्या जाहिरातींच्या ढिगात, बघितलाच नाही. आणि १५,००० पर्यंतच्या हप्त्याला पुन्हा ओटीपी मागत नाहीत (आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ ला वाढवली). म्हणजे एकदा पिन दिला की नंतर तुझा हात न लागता हप्ते जात राहतात, आणि बँकेत गेलात तर ते म्हणणार पिन तुम्हीच टाकलाय ना साहेब, आणि ते खरंच असतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो तिथे जाऊन रद्द करायचं. डेटिंगचं सोडा, आत्ता सगळ्यांनी उघडून बघा, मला तिथे एका जिमचं पण सापडलं जिथे मी दोनदा गेलो होतो.

मी साईट जोखताना आधी पैसे कुठल्या दाराने मागते ते बघतो. प्ले स्टोअरच्या पेमेंटमधून घेत असेल तर निदान प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत ते दिसतं, तिथूनच बंद होतं, ४८ तासांच्या आत रिफंड पण मागता येतो. पण थेट यूपीआयने, आणि घेणाऱ्याचं नाव साईटचं नाही तर भलतंच कसलं तरी ट्रेडिंग का एंटरप्रायजेस, तर तिथूनच परत फिर. माझ्या बाबतीत तर पैसे घेणाऱ्याचं नाव वाचून वाटत होतं की मी टाइल्स विकत घेतल्यात.

आणि ते ११ मिनिटांचं घड्याळ, त्याला सरकारी भाषेत पण नाव आहे. ग्राहक व्यवहार खात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे स्क्रीनवर ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांची, नियमावली काढली, १३ प्रकार आहेत, त्यात खोटी घाई दाखवणं हा एक आणि सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं हा दुसरा. तुझ्या एका स्क्रीनवर दोन्ही बसलेत. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मी तिथेच तक्रार केली, दोन हप्ते परत आले, एक गेला तो गेला.

वाचनालय_गल्ली:

वरच्यांनी पैशाचं सांगितलं. पण मला विचाराल तर ९ रुपये हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न रिया कोण.

फुकट खातं, लगेच मेसेजांचा पाऊस, उत्तर द्यायचं तर पैसे, हा साचा फार जुना आहे. इंग्लंडची जेडीआय डेटिंग नावाची कंपनी होती, १८ डेटिंग साईट चालवायची. फुकट प्रोफाइल बनवलं की लगेच 'जवळपासच्या' लोकांचे मेसेज यायचे, वाचून उत्तर द्यायचं तर महिन्याची मेंबरशिप. ते लोक कंपनीनेच बनवलेले होते. त्यांना नाव काय दिलेलं तर 'व्हर्च्युअल क्युपिड', आणि प्रोफाइलच्या कोपऱ्यात इवलंसं व्हीसी असं चिन्ह, म्हणजे कोणी विचारलंच तर सांगायला की आम्ही लिहिलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, एफटीसीने, २०१४ मध्ये त्यांना धरलं, ६ लाख १६ हजार १६५ डॉलर भरायला लावले. दुसरं ॲश्ली मॅडिसन, लग्न झालेल्यांच्या लफड्यांसाठीची साईट, तर सगळ्यांनाच माहीत असेल, २०१५ मध्ये हॅक झाली आणि जगभरातल्या कोट्यवधी लोकांची नावं-पत्ते उघड्यावर आले. त्यात पण एफटीसीचा आक्षेप हाच की पुरुषांना भुलवायला बायकांची खोटी प्रोफाइल होती, आणि वर १९ डॉलर घेऊन 'तुमचं खातं पूर्ण पुसतो' म्हणायचे तरी माहिती ठेवलेली असायची. २०१६ च्या डिसेंबरमध्ये १६ लाख डॉलरवर मिटलं.

आणि हे फक्त फाटक्या साईटचं असतं असंही समजू नका. मॅच डॉट कॉम, म्हणजे या धंद्यातलं घराणंच म्हणा, त्यांची एक ऑफर होती की ६ महिन्यांत कोणी भेटलं नाही तर पुढचे ६ महिने फुकट. ऐकायला काय सुंदर. अटी बघा, पैसे भरल्यापासून सात दिवसांत फोटो मंजूर झालेलं प्रोफाइल पाहिजे, दर महिन्याला पाच वेगवेगळ्या मेंबरना मेसेज केलेला पाहिजे, आणि शेवटच्या आठवड्यात एका ठरावीक पानावर जाऊन हक्क सांगितला पाहिजे. एक चुकलं की फुकट गेलं. एफटीसी २०१९ ला कोर्टात गेली, २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. बाकी त्याच खटल्यात आणखी एक आरोप होता, फुकट मेंबरांना 'कोणाला तरी तुम्ही आवडलात' असे मेल जायचे आणि त्यातली काही खाती कंपनीनेच आधी संशयित ठरवलेली असायची. तो भाग कोर्टात टिकला नाही, अमेरिकेत वेबसाईटना दुसऱ्याच्या मजकुराबद्दल कायद्याचं संरक्षण आहे, त्यावर सुटला. खोटा होता म्हणून सुटला असं नव्हे.

त्यामुळे 'साईट खरी का खोटी' असं विचारू नकोस. खरी साईट, खरी कंपनी, खरं ऑफिस, आणि आलेला लाइक खोटा, असं असू शकतं.

रात्रपाळी:

वेगळा आयडी बनवून लिहितोय, का ते कळेल.

काही वर्षांपूर्वी घणसोलीत एका ठिकाणी चार महिने नोकरी केली. जाहिरातीत होतं चॅट सपोर्ट एक्झिक्युटिव्ह, चांगलं इंग्लिश, नाइट शिफ्ट, पिकअप ड्रॉप. मला वाटलं कुठल्या तरी बँकेचं किंवा टेलिकॉमचं असेल. पहिल्या दिवशी ट्रेनिंगला कळलं की मी आज रात्री एक चौतीस वर्षांची घटस्फोटित नर्स आहे.

स्क्रीनला तीन रकाने असायचे. डावीकडे 'आपली बाई', तिचं नाव, वय, शहर, तिला काय आवडतं. मध्ये चॅट. उजवीकडे समोरच्या माणसाबद्दल आतापर्यंत जे कळलं ते, आणि हा रकाना भरणं हे मुख्य काम. 'कुत्रा, नाव बडी, वय १२. कंबरेचं ऑपरेशन झालंय. मुलगी बोलत नाही. मंगळवारी गोल्फ.' असं. शिफ्ट बदलली की नवीन आलेला तो रकाना वाचायचा आणि त्याच बाईचं बोलणं पुढे चालू करायचा. एका माणसाशी एका आठवड्यात आम्ही पाच-सहा जण बोललेलो असायचो, त्यात एक कळव्याचा झुपकेदार मिशीवाला दादा होता, त्याच्या बाईला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, कारण तो घरच्यासारखी चौकशी करायचा.

नियम थोडेच. मेसेज अगदी एका शब्दाचा नको. भेटू का म्हणाला तर नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही, 'पुढच्या आठवड्यात बघू, आत्ता बहिणीकडे आलेय'. नंबर द्यायचा नाही. आणि प्रत्येक मेसेज प्रश्नाने संपला पाहिजे. प्रत्येक. प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देतो आणि त्याच्या उत्तराला पैसे पडतात, आमच्या मेसेजला नाही.

सोडलं का ते पण सांगतो. त्या बडीवाल्याने एका रात्री लिहिलं की बडी गेला. मी टीम लीडकडे बघितलं, म्हणलं आता काय लिहू. तो म्हणाला नोट अपडेट कर आणि विचार आता कसं वाटतंय. मी विचारलं. तो माणूस दोन तास लिहीत होता, लांबलचक, कुत्रा आणला तेव्हाचं, बायको होती तेव्हाचं, आणि प्रत्येक मेसेजला त्याचं मीटर पळत होतं आणि माझा त्या रात्रीचा बोनस झाला. पुढच्या आठवड्यापासून गेलो नाही, अर्धा पगार पण तिथेच राहिला, मागायला तोंड नव्हतं.

दादा वाईट वाटून घेऊ नको, पण तुझ्या आईचा गुडघा रियाने लक्षात ठेवलेला नाही. तो उजव्या रकान्यात आहे. आणि आता तर तिथे रात्रभर जागायला माणूस पण लागत नाही.

कुठे बघायचं ते सांगतो. साईटच्या अगदी तळाशी टर्म्स असतात त्यात 'मनोरंजनासाठी', 'काल्पनिक प्रोफाइल', 'मॉडरेटर संभाषणात भाग घेऊ शकतात' असलं काही वाक्य सापडतं का बघ. लाजत लाजत लिहिलेलं असतं पण बऱ्याचदा असतं, उद्या कोर्टात दाखवायला.

सीवूड्सवाली:

रात्रपाळी, हे लिहायला हिंमत लागते. थँक्स.

मी मुलीच्या बाजूने लिहिते कारण इथे सगळे दादाच दिसतायत. आम्हाला बऱ्याच साईटवर सगळं फ्री असतं, मेसेज फ्री, लाइक कोणी केलं ते फ्री. कधीतरी मैत्रीण म्हणाली कसलं भारी ना, मी म्हणलं अगं दुकानात काचेच्या आत जे मांडतात त्याच्याकडून पैसे घेत नाहीत.

माझा पांडवकड्याच्या पावसातला एक फोटो होता, भिजलेली, हातात मक्याचं कणीस. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एकाने संकोचत स्क्रीनशॉट पाठवला, 'ही तूच ना?' नाव वेगळं, वय चार वर्षांनी कमी, गाव नाशिक, आणि फोटो माझा. कणसासकट. मी त्या साईटचं नाव पण ऐकलं नव्हतं. म्हणून सांगते, रियाचा फोटो पण कोणत्या तरी खऱ्या मुलीचा असणार, तिला पत्ता नसेल की ती तुझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करतेय. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघ, भलत्याच नावाने कुठे सापडला तर तिथेच विषय संपला. नाही सापडला म्हणजे खरी, असं मात्र नाही.

मला तो फोटो काढायला लावायचा होता तेव्हा शिकले ते एक, आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साईटवर द्यावाच लागतो. त्या साईटवर ना नाव, ना पत्ता, एक फॉर्म आणि तोही सबमिट होत नव्हता. आता मी कुठल्याही नवीन ॲपवर आधी ते पान शोधते. नसेल तर बाकी डिझाइन कितीही गुलाबी असो, बंद. काढून टाकायला सांगायलाच माणूस नाही तिथे आपला फोटो कशाला ठेवायचा.

बाकी ॲप सगळी फसवीच असतात असं मी म्हणणार नाही. माझा आत्ताचा मित्र मला एका मोठ्या ॲपवरच भेटला, दोघांनीही एक पैसा भरला नव्हता, फक्त चार महिने आणि खूप सारे 'हाय डिअर' सहन करावे लागले. तीन-चार दिवसांत ॲपमधूनच एक व्हिडिओ कॉल, कपडे घालून, चेहरा दिसेल असा, हे आधीच सांगायचं मी. जो 'कॅमेरा खराब आहे' म्हणेल त्याला शुभेच्छा. (उलटं पण लक्षात ठेवा, जी समोरून पाचव्या मिनिटाला व्हिडिओ कॉल आणि भलतंच काही करायला सांगते तो रेकॉर्ड करून धमकवायचा धंदा आहे. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते.) पहिली भेट सीवूड्सच्या मॉलमध्ये, दुपारी, स्टेशन खालीच आहे, कंटाळा आला तर पाच मिनिटांत लोकलमध्ये. आणि मुलांनो, तुम्हाला पण जागा समोरचीने ठरवली आणि ठरावीकच पबचा हट्ट धरला तर जरा थांबा. २०२४ मध्ये मुंबई-दिल्लीच्या किती बातम्या आल्या, मुलगी महागडं ऑर्डर करून फोन आला म्हणून उठून जाते आणि हजारोंचं बिल घेऊन बाउन्सर टेबलाशी उभा.

जुना_ठाणेकर:

मी नौपाड्यात राहतो, वय ६४. इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण रात्रपाळी यांचं वाचलं आणि राहवलं नाही.

पत्नी २०१४ साली गेली. मुलगा पुण्याला. २०१७ मध्ये एका साईटवर, फुकट होती म्हणूनच गेलो, एका बाईंशी ओळख झाली, लंडनला नर्स आहे, विधवा आहे असं म्हणाल्या. मला दोन महिने रोज गुड मॉर्निंग येत होतं, कोणाला तरी आपण उठलो की नाही याची काळजी आहे ही भावना काय असते ते तुम्हा तरुणांना नाही कळायचं. मग त्यांनी वाढदिवसाला पार्सल पाठवलं. मग दिल्लीहून 'कस्टम'चा फोन आला, पार्सलमध्ये पौंड सापडलेत, ३५ हजार भरा. भरले. मग दंड. मग कसलं प्रमाणपत्र. सगळे मिळून २ लाख १० हजार गेले.

मी ते ऑनलाइन नाही भरले, बँकेत जाऊन स्लिप भरून भरले. तिसऱ्या वेळी काउंटरवरची मुलगी, माझ्या सुनेच्या वयाची, स्लिपकडे बघून म्हणाली, काका कोणाला पाठवताय एवढे, ओळखीचे आहेत ना? मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो माझे पैसे आहेत, तुम्हाला काय करायचंय. तिने मान खाली घालून शिक्का मारला. त्यानंतर मी त्या शाखेत जाणं बंद केलं, खातं अजून तिथेच आहे, पेन्शनही, पण काम असलं तर शेजाऱ्याला पाठवतो.

मुलाला अजून सांगितलेलं नाही.

शून्य_बॅलन्स:

काका, तुमच्या वेळी निदान १९३० नंबर तरी असायला हवा होता. ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन २०२१ ला सुरू झाली (तेव्हा नंबर १५५२६० होता), पैसे गेले की लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात पोचलेले पैसे गोठवायचा प्रयत्न करतात, म्हणून पहिले एक-दोन तास महत्त्वाचे. सोबत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. बाकीच्यांनी नंबर सेव्ह करून ठेवा. आणि काका, एक विनंती, कोणी 'तुमचे जुने अडकलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' म्हणून फोन केला तर कापा. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

जुना_ठाणेकर:

आला होता. मागच्या दिवाळीत. त्याला माझी नेमकी रक्कम माहीत होती. मी फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत हात थरथरत होते.

सीवूड्सवाली:

काका, मुलाला सांगा हो. रागावेल दोन दिवस. आणि ती बँकेतली मुलगी तुम्हाला विसरली पण असेल, नाहीतर तुम्ही कसे आहात असं तिच्या मनात येत असेल. एकदा जाऊन या.

घोडबंदर_ट्रॅफिक:

सगळ्यांना थँक्यू. उशिरा लिहितोय कारण काल रात्री बसून सगळी चॅट परत वाचली. रियाचे एकूण १४ मेसेज. चौदाच्या चौदा प्रश्नचिन्हाने संपतात. मी दोन वेळा भेटूया म्हणलं होतं ते पण सापडलं, दोन्ही वेळा ती बहिणीकडे होती.

टर्म्स उघडल्या, इंग्लिशमध्ये सोळा पानं, शेवटाकडे 'काही प्रोफाइल मनोरंजनासाठी आहेत' हे वाक्य आहे. तक्रार अधिकारी नाही. पत्ता सायप्रसचा. फोटो लेन्समध्ये टाकला तर एका परदेशी कपड्यांच्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये सापडली, तिथे ती स्वेटर घालून उभी आहे.

तरी पण कोपरी_पूल यांचा प्रश्न विचारायचाच होता. रोज लॉगिन केलं की ५ कॉइन बोनस मिळतो, म्हणजे एक मेसेज. विचारलं, सॅटिसच्या वर भेटू की खाली. दहा सेकंदात उत्तर, 'ओह आय लव्ह सॅटिस! इज इट युवर फेव्हरिट रेस्टॉरंट?'

९ रुपये भरले नव्हते त्यामुळे मँडेट काही नव्हतं, खातं डिलीट करायची रिक्वेस्ट टाकलीये, फोटो आणि नंबर आधी बदलून मग टाकली. यूपीआयमध्ये जाऊन बघितलं तर एका गाण्याच्या ॲपचं मात्र निघालं, दीड वर्ष चाललंय.

डिलीट करता करता अजून एक नोटिफिकेशन आलं, आईचा गुडघा आता कसाय? ते वाचून उठलो आणि आतल्या खोलीत जाऊन आईला विचारलं. बराय म्हणाली, तेल संपलंय तेवढं आण. आणि हा बायोडाटा बघितलास का.

कोपरी_पूल:

मुलगी कुठली?

घोडबंदर_ट्रॅफिक:

डोंबिवली.

कोपरी_पूल:

तिथे पण बीच नाहीये, बायो नीट वाच.